एक घर, दोन दानथैल्या : पुण्यातील एका ख्रिस्ती कुटुंबाच्या देण्याचा अभ्यास

ख्रिस्ती माणूस आपल्या चर्चला किती देतो आणि कशामुळे देतो, हे शोधताना कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मंडळ्यांची, म्हणजे चर्चच्या सभासदसमूहांची, तुलना करणारा प्रत्येक जण एका अडचणीपाशी येऊन थांबतो. दोन्हीकडच्या कुटुंबांचे उत्पन्न, शिक्षण, मूळ गाव आणि घरातील खाणारी तोंडे वेगवेगळी असतात, त्यामुळे देण्यात दिसणारा फरक पंथामुळे पडला की परिस्थितीमुळे, हे ठरवता येत नाही. येथे मांडलेल्या प्रकरणात ही अडचण बरीचशी दूर होते, कारण यात घर एकच आहे, पगार एकच आहे आणि रोजमेळाची वहीही एकच आहे. फक्त रविवारी सकाळी घरातून निघणाऱ्या वाटा दोन आहेत. हे घर माझे स्वतःचे आहे. मी पुण्याच्या पेठांमधील एका मराठी प्रॉटेस्टंट मंडळीचा सभासद आहे आणि काही वर्षे तिचा खजिनदारही होतो. माझी पत्नी शहराच्या पूर्व भागातील एका कॅथलिक धर्मग्रामात, म्हणजे धर्मगुरूकडे सोपवलेल्या स्थानिक चर्चमध्ये, मिस्साला (कॅथलिक उपासनेला) जाते. हिशेब ठेवणे हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय असल्यामुळे लग्नापासूनच्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत, आणि हा अभ्यास प्रामुख्याने त्या वह्यांवर उभा आहे.

दोन्ही बाजूंची मुळे अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये आहेत. माझ्या पणजोबांची मंडळी अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून उभी राहिली. या मिशनने १८३१मध्ये नगरला ठाणे केले, आणि तिच्या मंडळ्या पुढे इतर पंथांबरोबर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये सामील झाल्या. पत्नीचे माहेर श्रीरामपूर तालुक्यातले आहे, आणि हरेगावच्या मतमाउलीची सप्टेंबरातील यात्रा हा त्या घराचा वर्षातला सर्वांत मोठा दिवस असतो. तो भाग १९८७मध्ये नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत (बिशपच्या अधिकाराखालील विभाग) होईपर्यंत पुणे धर्मप्रांतातच मोडत असे. आमच्या लग्नाला कॅथलिक बाजूने रीतसर परवानगी घ्यावी लागली आणि मुलीचा बाप्तिस्मा तिच्या आईच्या चर्चमध्ये झाला. ही गोष्ट देण्याच्या संदर्भातही पुढे महत्त्वाची ठरली.

पहिल्या दहा वर्षांच्या वह्या उघडल्या तर एक ठसठशीत चित्र दिसते. माझ्या मंडळीच्या नावाची नोंद प्रत्येक महिन्याच्या पहिल्या पानावर आहे. घरभाड्याच्या खाली आणि किराणा मालाच्या वर, ठरलेली वर्गणी, पावती क्रमांकासह. त्याशिवाय कापणीच्या सणाचे दान, नाताळचे उपकारस्तुतीचे दान आणि प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या) रविवारचे दान अशा नोंदी वेगळ्या आहेत. पत्नीच्या धर्मग्रामाच्या नावाची अशी एकही ठरलेली नोंद नाही. आहे ती 'किरकोळ' या सदरात : मिस्सा, पन्नास रुपये, मिस्सा, वीस रुपये, एखाद्या रविवारी काहीच नाही, कारण पाकिटात सुटे पैसे नव्हते किंवा मुलीला ताप असल्याने ती गेली नव्हती. वर्षाअखेरीस बेरीज केली की माझ्या मंडळीचा आकडा तिच्या धर्मग्रामाच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठा भरे, आणि तरुणपणीच्या अज्ञानात मी तो फरक श्रद्धेचा समजत असे. तसे मी तिला एकदा बोलूनही दाखवले. तिने भांडण केले नाही, ती म्हणाली, "अहो, तुमच्याकडे पावती मिळते म्हणून तुम्हांला ते दान दिसतं. आमचं सगळं दान तुमच्या वहीत आलेलंच नाही." त्या एका वाक्यामुळे मी नंतरच्या वर्षांत वही निराळ्या पद्धतीने लिहू लागलो.

तिचे म्हणणे मोठ्या प्रमाणात खरे होते. कॅथलिक माणसाचे देणे एका थैलीतून जात नाही, ते अनेक वाटांनी झिरपते. मृत आईवडिलांच्या नावे मिस्साहेतू (त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करण्याची विनंती) सांगताना दिले जाणारे दान, जूनअखेरीस संत पेत्र आणि संत पौल यांच्या सणाच्या सुमारास पोपसाहेबांच्या दानकार्यासाठी होणारी वर्गणी, ऑक्टोबरातील मिशन रविवार, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील गरिबांसाठीची पेटी, नोव्हेनाच्या (नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या) दिवसांतील मेणबत्त्या, हरेगावचा नवस, आणि तिच्या बाबतीत सर्वांत मोठी वाट म्हणजे सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी. १८३३मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेल्या या संस्थेचे गट आज कॅथलिक धर्मग्रामांत ठिकठिकाणी काम करतात. त्यांच्या बैठकीत एक झाकलेली थैली फिरते. कोणी किती टाकले हे शेजारच्यालाही कळत नाही, आणि जमलेला पैसा सभासद स्वतः ज्या घरांना भेटी देतात त्या घरांच्या औषधपाण्यावर, फीवर, भाड्यावर खर्च होतो. पत्नी येरवड्यातील दोन घरांना नियमित जात असे. घरखर्चातून वाचवलेले पैसे ती त्या थैलीत टाकत आली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. या सगळ्या वाटा वहीत धरल्यावर दोन आकड्यांमधील अंतर निम्म्याहून कमी झाले. तरीही ते पूर्णपणे मिटले नाही, आणि उरलेल्या अंतराचे कारण शोधणे हा या अभ्यासाचा खरा विषय आहे.

अमेरिकेत या प्रश्नावर बराच अभ्यास झाला आहे. समाजशास्त्रज्ञ धर्मगुरू अँड्र्यू ग्रीली यांनी १९८७मध्ये दाखवून दिले की तेथील कॅथलिकांचे चर्चला दिलेले दान १९६०च्या दशकाच्या आरंभी उत्पन्नाच्या सुमारे २.२ टक्के होते आणि १९८४पर्यंत ते सुमारे १.१ टक्क्यावर आले. प्रॉटेस्टंटांचे प्रमाण मात्र त्या काळात फारसे ढळले नाही. त्यांनी या घसरणीचा संबंध उत्पन्नाशी न जोडता चर्चच्या अधिकाऱ्यांविषयीच्या नाराजीशी, विशेषतः संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांना मनाई करणाऱ्या १९६८च्या पोपपत्रानंतरच्या नाराजीशी जोडला. पुढे डीन होग, चार्ल्स झेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३मध्ये पाच पंथांतील ६२५ मंडळ्यांची पाहणी केली. वर्षाच्या सुरुवातीला रक्कम ठरवून देणे, मंडळीच्या कामात सहभाग असणे आणि देणे हा श्रद्धेचाच भाग मानणारी शिकवण असणे, या गोष्टी भरघोस देण्याशी निगडित असल्याचे त्यांना आढळले. हे निष्कर्ष पुण्याला जसेच्या तसे लागू करणे मला योग्य वाटत नाही. तेथे चर्चला दिलेल्या दानावर करसवलत मिळू शकते. आपल्याकडे एखाद्या विशिष्ट धर्मसमुदायासाठीच असलेल्या संस्थेला देणगीदारांना करसवलत मिळवून देणारी आयकर खात्याची मान्यता सहसा मिळत नाही, त्यामुळे पगारदार माणसाने रविवारच्या थैलीत टाकलेला रुपया हा कर भरून उरलेला रुपया असतो. पण 'रक्कम आधी ठरवणे' आणि 'कामात सहभाग असणे' ही दोन कारणे आमच्या वहीत इतकी स्पष्ट दिसतात की त्यांचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

ठरवून देण्याची सवय माझ्या मंडळीला आपोआप लागलेली नाही. अमेरिकन मराठी मिशन चालवणाऱ्या अमेरिकन मिशन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५मध्ये हिंदुस्थानात पाहणीसाठी आले होते. मिशनऱ्यांच्या पैशावर चालणारी मंडळी कायम लहान मूलच राहील, तिने आपला पाळक (प्रॉटेस्टंट धर्मगुरू) स्वतः पोसला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. गरीब, बहुतांशी भूमिहीन असलेल्या मराठी ख्रिस्ती लोकांवर ही अपेक्षा लादणे कठोरच होते. तरीही त्यातून वर्गणीची जी पद्धत रुजली तिने एक गोष्ट पक्की केली : पाळकसाहेबांचा पगार आपल्या खिशातून जातो, आणि तो कमी पडला तर त्यांच्या घरातली चूल अडते, ही जाणीव. माझी आजी स्वयंपाकाला बसताना पिठातली एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकत असे आणि महिनाअखेरीस ते पीठ चर्चला जाई. मिझोराममध्ये १९१०पासून मूठभर तांदूळ बाजूला काढण्याची पद्धत चालू आहे आणि तिथल्या चर्चचा मोठा खर्च त्यावर चालतो, हे पुढे वाचले तेव्हा मला आजीचे मडके आठवले. ते दान चूल पेटण्याच्या आधीचे होते, आणि बायबलमध्ये पौलाने करिंथच्या मंडळीला आठवड्याच्या पहिल्याच दिवशी आपल्या मिळकतीच्या मानाने बाजूला काढून ठेवायला सांगितले, त्याचाही अर्थ हाच आहे.

कॅथलिक बाजूला हा इतिहास वेगळा घडला. पुण्यातील सर्वांत जुन्या कॅथलिक चर्चला १७९२मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी जागा दिली, ती त्यांच्या फौजेतील गोवेकर कॅथलिकांच्या सोयीसाठी. पुण्याच्या लष्कर (कॅम्प) भागातील चर्चे बांधली गेली ती प्रामुख्याने पलटणींसाठी. या बाबतीत तिथले अँग्लिकन चर्चही वेगळे नव्हते. १८२५मध्ये बिशप हेबर यांनी ज्या सेंट मेरीज चर्चचे समर्पण केले, तिथल्या पाद्रीसाहेबांचा पगार सरकार देत असे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना आपला धर्मगुरू पोसावा लागला नाही, त्यांच्या घरात वर्गणीची वही येणार कुठून? शिवाय कॅथलिक धर्मगुरू अविवाहित असतो, त्याच्या निवासाची आणि जेवणाची व्यवस्था धर्मग्राम किंवा धर्मप्रांत करतो, आणि आवारात बहुधा एक मोठी शाळा उभी असते. त्यामुळे चर्चकडे पैसा आहेच, आपल्या पन्नास रुपयांनी काय फरक पडणार, ही भावना सहज रुजते. शाळेचा हिशेब वेगळा असतो आणि तिचा पैसा वेदीच्या गळक्या छपराला वापरता येत नाही, हे फार थोड्या लोकांना कोणी समजावून सांगितलेले असते.

याला अधिकाराच्या रचनेचीही जोड आहे. आमच्या मंडळीत सभासदांनी निवडलेली कमिटी असते, तिचा खजिनदार असतो आणि वार्षिक सभेत ताळेबंद वाचला जातो. वर्गणी थकलेल्याला निवडणुकीला उभे राहता येत नाही. कॅथलिक धर्मग्रामात व्यवहाराचा अंतिम अधिकार धर्मगुरूचा असतो. १९८३च्या धर्मसंहितेने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याने, प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असणे बंधनकारक केले (कलम ५३७) आणि श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब श्रद्धावंतांना द्यावा असेही सांगितले (कलम १२८७). विशिष्ट कारणासाठी दिलेले दान त्याच कारणासाठी खर्च व्हावे, हेही त्यात आहे. मिस्साहेतूच्या दानाबाबत तर नियम फार काटेकोर आहेत : नाताळचा दिवस सोडला तर, एका दिवसात कितीही मिस्सा केल्या तरी धर्मगुरूने एकाच मिस्सेचे दान स्वतःकडे ठेवायचे असते. हे सर्व नियम पत्नीच्या धर्मग्रामातील माणसांना मी विचारले तेव्हा त्यांपैकी बहुतेकांना माहीत नव्हते. जी व्यवस्था लोकांच्या नजरेआड राहते ती कितीही चोख असली तरी देणाऱ्याचा हात सैल करू शकत नाही, असे मला या टप्प्यावर वाटू लागले होते. पुढील दोन घटनांनी ते मत दृढ केले.

पहिली घटना टाळेबंदीची. २५ मार्च २०२०पासून देश बंद झाला आणि महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२०पर्यंत उघडली नाहीत. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली ती ७ ऑक्टोबर २०२१ला उघडली. या काळातील वही फार बोलकी आहे. माझ्या मंडळीची वर्गणी एकाही महिन्यात चुकली नाही, कारण ती देण्यासाठी चर्चमध्ये जावेच लागत नव्हते. रक्कम महिन्याच्या सुरुवातीला ठरलेली होती, खजिनदाराचा फोन आला आणि ती बँकेतून गेली. पत्नीच्या धर्मग्रामाचे 'किरकोळ' सदर मात्र एप्रिलपासून कोरे पडले. ती रोज सकाळी मोबाइलवर मिस्सा पाहत होती, आधीपेक्षा जास्त प्रार्थना करत होती. तिची श्रद्धा तसूभरही कमी झाली नव्हती. थैली समोरून जात नव्हती, एवढेच. मी ज्याला श्रद्धेतला फरक म्हणालो होतो तो सवयीतला फरक होता, हे मला तेव्हा मान्य करावे लागले आणि मी तिच्याकडे तसे कबूल केले.

जून महिन्यात तिच्या धर्मग्रामातील फादरांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी व्हॉट्सॲपवर एक पानभर हिशेब पाठवला : मेणबत्त्या, वीज, सफाई कामगारांचा पगार, आणि रोजगार गेलेल्या कुटुंबांना दिलेले शिधे, जमा किती, खर्च किती, तूट किती. खाली यूपीआयचा क्यूआर कोड होता. लगेच काही मंडळींनी नाराजी व्यक्त केली की वेदीचा आणि पैशाचा असा उघड संबंध जोडणे बरे दिसत नाही. पण तो हिशेब दर महिन्याला येत राहिला. अर्थसमितीची नावे प्रथमच सर्वांना कळली, आणि शिधावाटपात मदत करणाऱ्यांमध्ये पत्नीचे नाव आले. त्या वर्षीच्या ऑगस्टपासून वहीत पहिल्या पानावर, माझ्या मंडळीच्या वर्गणीखाली, तिच्या धर्मग्रामाची ठरलेली रक्कम दिसते. तिला कोणी बायबलमधील मलाखीच्या पुस्तकातला दशमांशाचा (उत्पन्नाचा दहावा भाग देण्याचा) उतारा ऐकवला नव्हता. तूट कशाची आहे हे तिला दिसले, आणि ती भरून काढणाऱ्यांत ती होती. मुलीच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाची (मिस्सामध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याच्या विधीची) तयारी त्याच काळात चालू होती, त्यामुळे आठवड्यातून दोनदा तिचे तिथे जाणे-येणे सुरू झाले. त्याचाही वाटा या बदलात आहे.

दुसरी घटना माझ्या बाजूची आहे आणि ती सांगताना मला दुःख होते. त्यानंतर काही काळाने आमच्या मंडळीच्या आवारातील जागेचा एक भाग भाड्याने देण्याचा निर्णय झाला. निर्णय कोणी घेतला, करार काय होता, भाडे कोणत्या खात्यात जमा होते, याची उत्तरे सभासदांना मिळेनात. वार्षिक सभा लांबत गेली. दोन तट पडले, प्रकरण धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयापर्यंत गेले, आणि उपासनेनंतर फाटकाशी उभे राहून बोलणारी माणसे एकमेकांकडे पाठ फिरवून घरी जाऊ लागली. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याप्रमाणे हिशेब तपासून सादर करणे हे बंधन आहेच. पण कार्यालयात सादर झालेला हिशेब सभासदाला दिसत नसेल तर त्याला त्यातून विश्वास मिळत नाही. ज्यांच्या चार पिढ्यांनी वर्गणी चुकवली नव्हती अशा घरांनी ती थांबवली. मीही माझी वर्गणी, निवडणुकीतला हक्क राहावा इतकीच, किमान रकमेवर आणली. उरलेली रक्कम मी स्वतंत्र पासबुकात ठेवू लागलो. पाळकसाहेबांच्या पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र आम्ही सगळ्यांनी थेट त्यांच्या हातात पैसे दिले, आणि ती रक्कम आमच्यापैकी अनेकांच्या वर्षभराच्या वर्गणीहून जास्त होती. लोकांचे मन आटले नव्हते. मध्ये असलेल्या हातांवरचा त्यांचा भरवसा उडाला होता.

अशा रीतीने तीन वर्षांच्या आत एकाच घराच्या वहीत दोन रेषांनी एकमेकींना छेद दिला. प्रॉटेस्टंट मंडळीचा आकडा खाली आला आणि कॅथलिक धर्मग्रामाचा वर गेला. घराचे उत्पन्न, शास्त्रवचने, दोन्ही पंथांची शिकवण, यांत काहीच बदलले नव्हते. बदलले होते ते हिशेबाचे उघडेपण, निर्णयातला सहभाग आणि रक्कम कधी ठरते ती वेळ. अमेरिकन अभ्यासकांनी ज्या कारणांना पंथांच्या फरकाचे स्पष्टीकरण मानले ती कारणे पंथाच्या भिंती ओलांडून काम करतात, असे माझे या प्रकरणावरून मत बनले आहे. एका घराच्या वहीवरून सगळ्या पुण्याविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल, पण ज्या मंडळ्यांचे दान घटले आहे त्यांनी प्रवचनाचा विषय बदलण्याआधी ताळेबंद फळ्यावर लावून पाहावा, एवढे मी आत्मविश्वासाने सांगू शकतो.

या उघडेपणाला एक दुखरी बाजूही आहे, आणि खजिनदार म्हणून तिचा दोष माझ्याकडे येतो. आमच्याकडे वर्गणीदारांची यादी नावांसह आणि रकमांसह सूचनाफलकावर लावण्याची प्रथा होती. तिने वसुली वाढते, यात शंका नाही. शेजाऱ्याच्या नावापुढचा आकडा पाहून माणूस आपला आकडा सुधारतो. कापणीच्या सणाच्या लिलावातही हेच घडते : एकच भोपळा तीनदा विकला जातो, बोली चढत जाते, सगळे हसतात आणि भोपळ्याला सोन्याचा भाव येतो. त्या लिलावात मला काही वावगे वाटत नाही, कारण तिथे आनंद असतो. पण फलकावरची यादी वेगळी. धुणीभांडी करून मुलांना शिकवणाऱ्या आमच्या एका विधवा मावशींच्या नावापुढे सहा महिने 'थकबाकी' असे लागले होते. त्या प्रभुभोजनाला यायच्या थांबल्या. ज्या मंडळीत येशूने वाखाणलेल्या गरीब विधवेच्या दोन दमड्यांवर दरवर्षी प्रवचन होते, त्या मंडळीत मी माझ्या हाताने ती यादी चिकटवली होती. घरी आल्यावर पत्नीने फक्त विचारले, "आमच्या झाकलेल्या थैलीत त्यांनी काय टाकलं असतं, ते कोणाला कळलं असतं का?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये, हे वचन कॅथलिक थैलीने अधिक चांगले पाळले आहे, आणि आमच्या बाजूने ते शिकण्यासारखे आहे. एकूण जमाखर्च सर्वांना दिसावा आणि प्रत्येकाची रक्कम कोणालाच दिसू नये, ही दोन्ही कामे एकाच वेळी करता येतात. पुढच्या सभेत मी तसा ठराव मांडला. यादी फलकावरून उतरली, आणि मावशींच्या घरी आम्ही तिघे जण जाऊन माफी मागून आलो.

सध्याची स्थिती अशी आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला घरात दोन रकमा वेगळ्या निघतात आणि दोन्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहिल्या जातात. पत्नी धर्मग्रामाच्या अर्थसमितीवर नेमली गेली आहे. तिथल्या मासिक हिशेबाचा मसुदा ती आमच्या जेवणाच्या टेबलावर तपासते, आणि एखाद्या खर्चापुढे पावती नसेल तर फादरांना फोन करून विचारते. माझ्या मंडळीतील वाद पूर्ण मिटलेला नाही. गेल्या वार्षिक सभेत दोन वर्षांचे हिशेब वाचले गेले, तिसऱ्या वर्षाचे तपासनीसाकडे आहेत, आणि थांबलेल्यांपैकी काही घरांनी पुन्हा वर्गणी सुरू केली आहे. मावशी मागच्या बाकावर येऊन बसतात. माझ्या वेगळ्या पासबुकातली रक्कम मी अजून मंडळीकडे वळती केलेली नाही. ती चर्चच्या छपरासाठी आहे असे मी पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे, आणि तिसऱ्या वर्षाचा हिशेब वाचला जाईल त्या रविवारी ती द्यायची, असे आम्ही दोघांनी मिळून ठरवले आहे.